धावा कुणाच्या, वही कुणाची?

“मामा, तुम्हाला क्रिकेट कळतं ना? मग हा खेळ अर्ध्या तासात कळेल,” असे म्हणून माझ्या भाचजावयाने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

गेल्या वर्षी जून महिन्यात अर्जित रजा घेऊन मी अमेरिकेत गेलो होतो. माझी भाची आणि तिचे यजमान नोकरीनिमित्त कॅन्सस राज्यातील ओव्हरलँड पार्क येथे राहतात. विमानाचे तिकीट त्यांनीच पाठविले होते. कारकुनाच्या पगारात सातासमुद्रापलीकडे जाणे कुठले जमायला! दुसऱ्या दिवशी शनिवार होता. शेजारच्या मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरात कृष्णवर्णीय बेसबॉल खेळाडूंचे संग्रहालय आहे, ते मला दाखवायचे असे दोघांनी ठरविले होते. तिथे जाण्यापूर्वी मामाला खेळ कळावा म्हणून ही शिकवणी चालली होती.

खेळ तसा सोपा आहे. मैदानाच्या एका टोकाला ‘होम’, म्हणजे घर असते. फलंदाज तिथे उभा राहतो. चेंडू टोलवला की बॅट टाकून पळायचे. पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस आणि पुन्हा घर. दोन बेसमधील अंतर ९० फूट, म्हणजे सारी फेरी ३६० फुटांची. ही फेरी पुरी करून जो घरी पोहोचला, त्याच्या नावे एक धाव. तिसऱ्या बेसपर्यंत जिवाच्या आकांताने धावला आणि तिथेच अडकला, तर वहीत शून्य. घरी परतला तरच नोंद.

अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉलची पहिली संघटना १८७१ साली सुरू झाली. त्या पहिल्या मोसमात बोस्टनच्या रॉस बार्न्सने सर्वाधिक ६६ धावा काढल्या. भाचजावयाने माझ्यापुढे उघडलेली यादी मात्र १८८४ सालची होती. त्या एकाच वर्षी तिथे तीन मोठ्या संघटनांचे सामने झाले. युनियन असोसिएशनमध्ये सेंट लुईसचा फ्रेड डनलॅप १६० धावांनिशी पहिला आला. अमेरिकन असोसिएशनमध्ये फिलाडेल्फियाचा हॅरी स्टोव्ही १२४ धावांनिशी पहिला. नॅशनल लीगमध्ये शिकागोचा ‘किंग’ केली १२० धावांनिशी पहिला. तिघेही गोरे.

“बघा मामा, हे त्या मोसमाचे राजे,” जावई म्हणाला.

पण मी यादी खालून वाचायला लागलो. आमच्या खात्यात साहेब यादी वरून वाचतात आणि कारकून खालून तपासतो, कारण चूक बहुधा तळाशी राहिलेली असते. यादीत कोण शेवटी आहे आणि कोण मुळीच नाही, हे पाहण्याची सवय मला घरच्याच एका घटनेने लागली आहे. ती शेवटी सांगतो.

खाली येता येता टोलेडो गावच्या संघातील एक नाव लागले: मोझेस फ्लीटवूड वॉकर. सामने ४२, धावा २३.

“हा कोण?” मी विचारले.

भाची म्हणाली, “मामा, उद्या आपण ज्यासाठी जातोय ना, त्याची सुरुवात हा माणूस आहे.”

तेवीस धावांचा माणूस

वॉकरचा जन्म १८५६ साली ओहायो राज्यातला. ओबरलिन या महाविद्यालयात तो शिकला. काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रवेश देणारे ते महाविद्यालय होते. पुढे मिशिगन विद्यापीठात त्याने कायद्याचेही शिक्षण घेतले. आपली ओळख न लपविता मोठ्या संघटनेत खेळलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू.

त्याचे काम कॅचरचे, आपल्या यष्टिरक्षकासारखे. त्या काळी हातात आजच्यासारखे जाड मोजे नसत. गोलंदाज आणि कॅचर यांच्यात खुणा ठरलेल्या असतात, त्यावरून येणारा चेंडू कसा असेल ते कॅचरला कळते. टोलेडोचा गोलंदाज टोनी मुलेन याला काळ्या माणसाची खूण मानणे कमीपणाचे वाटे. तो खुणेकडे न पाहता मनाला येईल तसा चेंडू फेकी. वॉकर ते चेंडू अडवीत राहिला. पुढे अनेक वर्षांनी मुलेननेच कबुली दिली, की आपल्याबरोबर खेळलेल्या कॅचरांत वॉकर सर्वांत उत्तम होता.

त्याच मोसमात रिचमंड शहरातून टोलेडोच्या व्यवस्थापकाला पत्र आले. वॉकर खेळण्याच्या पोशाखात मैदानात उतरला तर ७५ माणसे त्याच्यावर तुटून पडतील, अशी धमकी त्यात होती. वॉकर तोवर दुखापतीने जायबंदी झालेला होता आणि रिचमंडला गेलाच नाही. मोसम संपला. वहीत त्याच्या नावापुढे २३ धावा राहिल्या.

हा आकडा १६० च्या मानाने किती लहान! पण ज्याला संघातला गोलंदाजच मानीत नव्हता आणि परगावचे लोक मारायला टपले होते, तो तेवीस वेळा चौकोन पार करून घरी पोहोचला. हे गणित आकड्यात दिसत नाही.

१८८७ साली दार बंद झाले. शिकागोच्या गोऱ्या संघाचा कप्तान कॅप अँसन याने काळ्यांबरोबर खेळण्यास पूर्वीपासूनच विरोध केला होता. १४ जुलै १८८७ रोजी त्याच्या संघाविरुद्ध नेवार्कचा सामना होता. नेवार्ककडे वॉकर होता आणि जॉर्ज स्टोव्ही नावाचा काळा गोलंदाज होता. दोघेही त्या दिवशी मैदानात उतरले नाहीत. त्याच दिवशी त्यांच्या इंटरनॅशनल लीगच्या मालकांनी बहुमताने ठरविले, की यापुढे काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत.

वाचकहो, दोन स्टोव्ही पाहा. हॅरी स्टोव्ही गोरा, तो १८८४ च्या यादीत सर्वांत वर. जॉर्ज स्टोव्ही काळा, १८८७ च्या मोसमात तीसहून अधिक सामने जिंकून देणारा गोलंदाज, त्याला मोठ्या संघटनेच्या यादीत जागाच नाही. आडनाव एक, खेळ एक. जातीला कातडीचा रंग नसतो एवढाच काय तो आपल्याकडचा फरक.

गावकुसाबाहेरचा रस्ता

सकाळी मोटारीने निघालो. कॅन्सस आणि मिसुरी यांच्यामधली हद्द म्हणजे एक रस्ताच आहे. त्याचे नावही ‘स्टेट लाइन रोड’. एका कडेची घरे एका राज्यात, समोरची दुसऱ्या राज्यात. यादवी युद्धापूर्वी मिसुरीत गुलामगिरी कायदेशीर होती, तर कॅन्सस १८६१ साली गुलामगिरीमुक्त राज्य म्हणून संघराज्यात आले. रस्ता ओलांडताना मला महात्मा फुल्यांची आठवण झाली. त्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ लिहिला आणि काळ्यांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना तो अर्पण केला. ज्या देशाला जोतिरावांनी पुण्यातून नमस्कार केला, त्याच देशात चौदा वर्षांनी काळ्या खेळाडूला करार नाकारला गेला.

पुढे ट्रूस्ट अव्हेन्यू हा रस्ता लागला. जावई म्हणाला, “मामा, ही इथली खरी हद्द. कित्येक वर्षं याच्या पश्चिमेला गोरे आणि पूर्वेला काळे असंच चाललं.” मी म्हणालो, “म्हणजे गावकूस.” भाचीने मान हलविली.

त्या गावकुसाच्या पूर्वेला अठरावा रस्ता आणि व्हाइन रस्ता यांचा चौक आहे. गोऱ्या शहराने दारे लावली तेव्हा काळ्या समाजाने इथे आपले शहर वसविले. दवाखाने, दुकाने, हॉटेले, नाचगाण्याची ठिकाणे, वर्तमानपत्र, सारे या परिसरात. जाझ संगीताची एक मोठी परंपरा इथेच वाढली; चार्ली पार्कर याच शहरात लहानाचा मोठा झाला. आता चौकात वर्दळ बेताची आहे. समोर जेम थिएटरची जुनी दर्शनी बाजू आणि इकडे एकाच इमारतीत दोन संग्रहालये, एक जाझचे आणि एक बेसबॉलचे.

बेसबॉलचे संग्रहालय १९९० साली सुरू झाले आणि १९९७ पासून या जागेत आहे. आत शिरताच समोर एक छोटे मैदान दिसते. त्यावर ब्राँझचे पूर्णाकृती पुतळे आपापल्या जागी खेळायला उभे आहेत: सॅचेल पेज, जॉश गिब्सन, बक लिओनार्ड, कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्सटन आणि त्यांचे सोबती. पण तिथे लगेच जाता येत नाही. मध्ये कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी आहे. पाहणाऱ्याने जाळीबाहेरून बघायचे, मग सारी दालने फिरायची, सारा इतिहास वाचायचा आणि शेवटी मैदानात पाऊल ठेवायचे.

जाळीपाशी मी थबकलो. बाहेर उभे राहून आत पाहणे म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कुणी समजावून सांगायला नको. माझे वडील देवळाच्या पायरीखाली उभे राहिलेले आहेत.

जाळीच्या अलीकडेच एक पुतळा आहे, तो बक ओनील यांचा. या संग्रहालयासाठी ते आयुष्याच्या उत्तरार्धात अहोरात्र झटले. फ्लोरिडात सारासोटा येथे सेलरीच्या शेतात राबणारा मुलगा. गावातले हायस्कूल फक्त गोऱ्यांसाठी, म्हणून तिथे प्रवेश नाही. पुढे ते कॅन्सस सिटी मोनार्क्स संघाचे खेळाडू आणि व्यवस्थापक झाले. २००६ साली बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये पूर्वी वगळलेल्या १७ जणांची निवड झाली, तीत ओनील यांचे नाव नव्हते. तरीही ९४ वर्षांचा हा म्हातारा कूपर्सटाउनला गेला आणि त्या सतरा जणांच्या वतीने सभेत बोलला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले. त्यांची निवड झाली डिसेंबर २०२१ मध्ये. सन्मान स्वीकारायला माणूस उरला नव्हता.

एका रात्रीत लिहिलेली घटना

संग्रहालयापासून थोड्याच अंतरावर ‘द पॅसिओ’ या रस्त्यावर विटांची एक जुनी इमारत आहे. ती वायएमसीएची, १९१४ सालची, काळ्या लोकांसाठी बांधलेली. १३ फेब्रुवारी १९२० रोजी रूब फॉस्टर यांनी इथे संघमालकांची बैठक भरविली. फॉस्टर स्वतः नामांकित गोलंदाज आणि शिकागो अमेरिकन जायंट्स संघाचे मालक. गोरे आपल्याला घेत नाहीत तर आपली संघटना आपण काढू, हा त्यांचा विचार. आठ संघ एकत्र आले आणि ‘निग्रो नॅशनल लीग’ जन्मास आली. शब्द त्या काळचा आहे. आज तो कुणी वापरीत नाही, पण संघटनेचे नाव म्हणून इतिहासात राहिला आहे.

मला विशेष वाटले ते वेगळेच. या संघटनेची घटना लिहायला बसले कोण? काळ्या समाजाच्या पत्रांचे वार्ताहर आणि एक वकील. ‘शिकागो डिफेंडर’, इंडियानापोलिसचे ‘फ्रीमन’ आणि ‘लेजर’ या पत्रांची माणसे रात्री बसली आणि त्यांनी मसुदा केला. वकील होते टोपेका गावचे एलायशा स्कॉट. शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणारा ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ हा १९५४ सालचा निकाल आपल्याला माहीत आहे. तो खटला लढणाऱ्या वकिलांत याच एलायशा स्कॉट यांचे दोन मुलगे होते. बापाने खेळाची घटना लिहिली, मुलांनी देशाच्या राज्यघटनेतले समतेचे कलम शाळेच्या दारापर्यंत आणले.

त्या इमारतीसमोर उभे असताना मी बोटांवर दिवस मोजले. बाबासाहेबांच्या ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी. पॅसिओची बैठक त्यानंतर तेराव्या दिवशी. एकीकडे मुंबईत बहिष्कृतांचे मुखपत्र निघते आणि इकडे अमेरिकेत बहिष्कृतांची खेळसंघटना निघते. या दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध होता असे मी म्हणत नाही. पण त्याच्या चारच वर्षे आधी, १९१६ पर्यंत, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि काळ्यांची हार्लेम वस्ती तिथून हाकेच्या अंतरावर आहे. दाराबाहेर ठेवलेल्या माणसाने पहिल्याने आपली पाटी आणि आपली लेखणी हाती घ्यावी, ही गरज दोन्हीकडे सारखीच होती.

खतावणी कशी पुरी झाली

आता मूळ प्रश्नाकडे येतो. या लोकांच्या धावा कुणी मोजल्या?

१९६९ साली अमेरिकेत बेसबॉलच्या जुन्या नोंदी तपासायला एक समिती नेमली गेली. कोणत्या संघटना ‘मोठ्या’ धरायच्या ते तिने ठरविले. तिने सहा संघटना मान्य केल्या. काळ्यांची एकही नाही. पुढे कारण सांगितले जाई ते असे, की काळ्यांच्या लीगचे वेळापत्रक नियमित नव्हते, सामने कमीजास्त झाले, नोंदी अपुऱ्या आहेत.

पण त्या सहांत १८८४ ची युनियन असोसिएशन आहे! तीच, जिच्यात डनलॅपने १६० धावा काढल्या. ही संघटना अवघा एक मोसम चालली. तिचे अनेक संघ मोसमाच्या मध्येच मोडले. विल्मिंग्टनचा संघ १८ सामने खेळून बुडाला. सेंट पॉलचा संघ शेवटी आला आणि जेमतेम ९ सामने खेळला, तेही सारे परगावी. स्वतःच्या गावात त्याने एकही सामना खेळला नाही. तरी त्या संघाची प्रत्येक धाव मोठ्या वहीत आहे. आणि १९२० पासून वर्षानुवर्षे हजारो प्रेक्षकांपुढे खेळलेल्या माणसांच्या धावा मात्र अनियमित! मी बी.कॉम.ला हिशेबतपासणी शिकलो. एकाच प्रकारच्या दोन नोंदींना दोन नियम लावले असतील, तर तपासनीस पहिला शेरा तिथेच मारतो.

ही चूक दुरुस्त व्हायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीगने १९२० ते १९४८ या काळातील काळ्यांच्या सात लीगना मोठ्या संघटनांचा दर्जा दिला. मे २०२४ मध्ये २,३०० हून अधिक खेळाडूंचे आकडे अधिकृत वहीत चढले. लागलीच सर्वांत वरच्या ओळी बदलल्या. फलंदाजीच्या सरासरीत टाय कॉब याचा .३६७ हा आकडा पिढ्यान्‌पिढ्या पहिला मानला जाई. त्याच्या वर आता जॉश गिब्सनचा .३७२ आहे, म्हणजे हजार वेळा उभा राहिला तर ३७२ वेळा यशस्वी फटका. गिब्सन जानेवारी १९४७ मध्ये पस्तिसाव्या वर्षी वारला. तीनच महिन्यांनी, १५ एप्रिल १९४७ रोजी, जॅकी रॉबिन्सन ब्रूकलिन डॉजर्सतर्फे मैदानात उतरला आणि साठ वर्षांचा बहिष्कार मोडला. त्या पहिल्या मोसमात रॉबिन्सनने १२५ धावा काढल्या. वॉकरच्या २३ नंतर मोठ्या वहीत उघडपणे चढलेल्या काळ्या माणसाच्या धावा त्या.

एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. रॉबिन्सन आधी मोनार्क्सचा खेळाडू. डॉजर्सने त्याला नेले, पण मोनार्क्सला त्याबद्दल एक डॉलरही दिला नाही. पुढे चांगले खेळाडू गेले, त्यांच्यामागे प्रेक्षक गेले आणि काळ्यांनी घामाने उभ्या केलेल्या संघटना एकेक करून बंद पडल्या. मोठ्या घरात जागा मिळाली, त्यात आपले छोटे घर मोडले. समतेची वाट चालताना स्वतःच्या संस्थांचे काय करायचे, हा प्रश्न आपल्यालाही सुटलेला नाही.

मग गिब्सनच्या जुन्या धावा, जुने फटके सापडले कुठे? समाजाच्या साप्ताहिकांत. ‘शिकागो डिफेंडर’, ‘पिट्सबर्ग कुरियर’, याच शहरात चेस्टर फ्रँकलिन यांनी १९१९ साली सुरू केलेले ‘कॉल’. गोऱ्यांची मोठी दैनिके ज्या सामन्यांकडे ढुंकून पाहत नसत, त्यांचे तक्ते ही साप्ताहिके छापीत. लग्नाच्या बातम्या, चर्चची वर्गणी, मयताची निवेदने आणि त्यांच्या शेजारी रविवारच्या सामन्यात कुणी किती धावा काढल्या त्याचा तक्ता. संशोधकांनी वर्षानुवर्षे बसून या अंकांतून एकेक सामना उतरवून घेतला. आमच्या भाषेत सांगायचे तर रोजकीर्द शाबूत होती, म्हणून खतावणी पुरी करता आली. तरीही साऱ्या नोंदी मिळालेल्या नाहीत. जो अंक कुणी जपला नाही, त्यातल्या धावा गेल्या.

वॉकरचे पुढे काय झाले तेही सांगतो. खेळ सुटल्यावर त्याने नाटकगृह चालविले, नवे शोध लावून पेटंट घेतली. १९०८ साली त्याने एक पुस्तिका लिहिली. या देशात काळ्यांना भवितव्य नाही, त्यांनी आफ्रिकेत परत जावे, असे तिचे म्हणणे होते. तेवीस वेळा ‘घरी’ पोहोचलेल्या माणसाने शेवटी लिहिले, की हे आपले घर नव्हे. १९२४ साली तो वारला. त्याच्या कबरीवर कित्येक दशके दगडही नव्हता. २०१७ साली ओहायो राज्याने त्याचा जन्मदिवस, ७ ऑक्टोबर, हा त्याच्या नावाचा दिवस म्हणून कायद्याने ठरविला.

आत्याची पावती

सारी दालने पाहून आम्ही शेवटी मैदानात पोहोचलो. आता जाळी पाठीमागे होती. भाचीने गिब्सनच्या पुतळ्याजवळ उभे करून माझा फोटो काढला. पण माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. मला माझी आत्या दिसत होती.

आमच्या वस्तीतील बुद्ध विहाराला पन्नास वर्षे झाली तेव्हा समितीने सुवर्णमहोत्सवी स्मरणिका काढली. देणगीदारांची आणि कार्यकर्त्यांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी पावतीपुस्तके तपासली, नावे क्रमवार लावली, बेरजा जुळविल्या. एका पैशाची चूक नाही. प्रकाशनाच्या दिवशी आत्याने नातीला जवळ बसवून पाने उलटायला लावली. स्वतःला अक्षर येत नव्हते.

मग तिने मला हाक मारली. “आरं, माझं नाव कुठं हाय?”

मी म्हणालो, “आत्या, तुझी पावती नव्हती.”

ती शांतपणे म्हणाली, “पावती कोण देणार व्हतं? आम्ही बाया राती नाल्यातली वाळू डोक्यावर आणत व्हतो. पावतीबुक तर तुझ्या बापाकडं व्हतं.”

मला उत्तर सुचले नाही. आत्या त्यानंतर दीड वर्षाने गेली.

१९६९ च्या त्या समितीवर मी मघाशी शेरा मारला. त्या मैदानात उभा असताना माझ्या ध्यानात आले, की माझ्या वस्तीत ती समिती मीच होतो. नोंदी अपुऱ्या आहेत, असे म्हणणारा कारकून मीच. विहाराच्या भिंतीत जिने वाहिलेली वाळू आहे, तिची नोंद नाही, कारण वही पुरुषाच्या हातात होती आणि नंतर ती माझ्या हातात आली तेव्हा मीही विचारायला गेलो नाही.

परत आल्यावर मी एक नवी वही घातली आहे. दर रविवारी वंदना झाली की वस्तीतील एखाद्या वृद्ध बाईजवळ जाऊन बसतो. वाळू कुणी वाहिली, पाणी कुणी शेंदले, गवंड्याला भाकरी कुणाच्या घरून गेली, एकेक नाव लिहून घेतो. एकीने सांगितलेले नाव दुसरीला विचारून खात्री करतो. आजवर ४१ नावे झाली आहेत. त्यांतल्या २९ बाया आता हयात नाहीत. समितीने स्मरणिकेला शुद्धिपत्र जोडायचे मान्य केले आहे. त्यात पहिले नाव आत्याचे आहे.

वाचकहो, तुमच्याही गावात विहार असेल, वाचनालय असेल, भीमजयंतीची पहिली मिरवणूक काढणारी माणसे असतील. त्यांतली जी अजून बोलू शकतात, त्यांच्याकडे या आठवड्यात जा. वही आणि पेन सोबत न्या. नाव, गाव, साल आणि काय काम केले, एवढे चार रकाने पुरेत. लिहून झाले की एक प्रत विहारात ठेवा आणि एक या साप्ताहिकाकडे पाठवा. छापलेले उरते, हे मी अठराव्या रस्त्यावर डोळ्यांनी पाहून आलो आहे.

जय भीम!